पडद्यामागचा चित्रगुप्त

दिवाळी हा जसा दिव्यांचा सण, तसाच तो वह्यांचाही सण आहे. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आमच्या सोलापुरात चाटी गल्लीतला व्यापारी नव्या चोपड्यावर कुंकवाचे स्वस्तिक काढतो आणि मगच पहिली रक्कम मांडतो. पुढे दोन दिवसांनी यमद्वितीया येते. आपण त्या दिवशी बहिणीकडे ओवाळून घेण्यात दंग असतो. परंतु उत्तरेकडील कायस्थ मंडळी त्याच दिवशी दौत-लेखणीची पूजा करून यमाच्या दप्तरदाराचे, म्हणजे चित्रगुप्ताचे, स्मरण करतात. हा चित्रगुप्त मोठा विलक्षण कारकून. माणसाच्या जन्मापासून मरणापर्यंतची प्रत्येक कृती तो लिहून ठेवतो. पण लिहिताना तो कोणाला दिसत नाही आणि लिहिलेले कोणाला दाखवीतही नाही. ती वही उघडते ती थेट यमाच्या दरबारात!

व्याकरणाचे पंडित रागावणार नसतील तर मी म्हणेन की, या कारकुनाचे नाव आजच्या काळालाच अधिक शोभते. चित्रे आणि तीही गुप्त! आमच्या आळीतली मुले सुट्टीत माझ्याकडे जुन्या गोष्टी ऐकायला येतात. त्यांतल्या एकाने परवा उलट मलाच प्रश्न घातला, “आजोबा, आपण संगणकावर काम करीत असताना मागच्या मागे पडद्याचे चित्रण चालू असते म्हणतात. ते कोण करते? आणि ते बंद कसे करायचे?” मी इतिहासाचा विद्यार्थी, यंत्रांचा नव्हे. तथापि, माणसाच्या नकळत माणसाची नोंद ठेवणे हा विषय इतिहासाला नवा नाही, आणि सोलापूरला तर मुळीच नवा नाही. म्हणून आधी यंत्राची गोष्ट समजून घेऊ आणि मग गावाची.

संगणकाचा पडदा म्हणजे ठिपक्यांची रांगोळी. साधारण पडद्यावर एका ओळीत १९२० ठिपके आणि अशा १०८० ओळी. म्हणजे एकूण २०,७३,६०० ठिपके. प्रत्येक ठिपक्याचा रंग सांगायला तीन आकडे लागतात. तेव्हा एका रांगोळीला बासष्ट लाखांहून अधिक आकडे झाले. चित्र हलते दिसावे म्हणून ही रांगोळी सेकंदाला ३० वेळा टिपायची, तर दर सेकंदाला साडेअठरा कोटींवर आकडे लिहावे लागतील. इतका खटाटोप सतत करीत राहणे परवडत नाही. म्हणून नोंद करणारी आज्ञावली एक युक्ती करते. सबंध रांगोळी ती पुनःपुन्हा लिहीत नाही. मागच्या वेळेपेक्षा जे ठिपके बदलले तेवढ्यांचीच नोंद घेते. आपण एखादे पत्र वाचीत स्वस्थ बसलो असलो तर तिला फारसे काम नसते; खेळ किंवा चित्रपट चालू असला की तिची धांदल उडते. मग यंत्र तापते, आतला पंखा घोंघावू लागतो, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना वाटते की मुलांनीच काहीतरी बिघडविले.

या नोंदीचे दोन प्रकार ध्यानात घेतले पाहिजेत. पहिला रहाटगाडग्याचा. विहिरीवरचा रहाट फिरताना भरलेले गाडगे वर येऊन रिते होते आणि तेच पुन्हा खाली जाऊन नवे पाणी भरते. त्याप्रमाणे ही आज्ञावली शेवटचा ठराविक काळ तेवढा जवळ ठेवते आणि जुना भाग टाकून देते. विंडोज या प्रणालीत खेळांसाठी अशी सोय २०१५ सालापासून आहे. मुलाने खेळात एखादा पराक्रम केला आणि मग तो जपून ठेवावा असे त्याच्या मनात आले, तर गेलेली वेळ परत कशी आणणार? म्हणून रहाट आधीपासूनच फिरता ठेवायचा. ठरलेल्या कळा दाबल्या की मागील तीस सेकंद किंवा मागील काही मिनिटे कायमची साठविली जातात. न दाबल्या तर ती आपोआप वाहून जातात.

दुसरा प्रकार रांजणाचा. यात जे आले ते साठत जाते. मे २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने काही नव्या संगणकांसाठी ‘रिकॉल’ नावाची सोय जाहीर केली. दर काही सेकंदांनी पडद्याचे छायाचित्र घ्यायचे आणि पुढे मालकाने विचारले की “महिन्यापूर्वी पाहिलेली ती गोष्ट” शोधून द्यायची, अशी ती कल्पना. सुरक्षेच्या जाणकारांनी तत्काळ हरकत घेतली. पडद्यावर बँकेची खाती दिसतात, दुखण्याचे कागद दिसतात, नवराबायकोचा पत्रव्यवहार दिसतो. हे सारे एका रांजणात साठले आणि रांजणच चोराच्या हाती लागला तर? कंपनीला ती सोय लांबणीवर टाकावी लागली. एप्रिल २०२५ मध्ये ती आली ती अटी घालून घेऊन: मालकाने होय म्हटल्याशिवाय ती सुरू व्हायची नाही, साठा कुलूपबंद सांकेतिक रूपात राहील, आणि उघडताना मालकाची ओळख पटवावी लागेल. थोडक्यात, नोंद कोणाच्या संमतीने सुरू होते, ती किती दिवस राहते आणि ती कोण उघडू शकतो, या तीन गोष्टींवरून लोक भांडले. हे तीन प्रश्न मनात ठेवून आता सोलापूरकडे वळू.

सोलापूरचे नाव निघाले की १९३० चा मार्शल लॉ आठवतो आणि १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी गेलेले मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा हे चार हुतात्मे आठवतात. तो इतिहास आपण अभिमानाने सांगतो. परंतु याच गावात दुसरा एक इतिहास तारेच्या कुंपणाआड घडत होता. तो शाळेच्या पुस्तकात फारसा नसतो. पत्त्यात मात्र आहे. ‘सेटलमेंट फ्री कॉलनी’ हे नाव टपालवाले आजही वाचतात. वसाहतीला ‘मुक्त’ असे मुद्दाम म्हणावे लागले, याचा अर्थ शेजारी कोणती तरी वसाहत मुक्त नव्हती, हे उघड आहे.

ही वसाहत का झाली हे समजण्यासाठी १८७१ सालापर्यंत मागे जावे लागते. त्या वर्षी इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. एखादी सबंध जमातच गुन्हेगार आहे असे सरकारने जाहीर करावे, आणि त्या जाहीरनाम्याच्या ग्राह्यतेविषयी कोणत्याही न्यायालयाने प्रश्न विचारू नये, असे त्यात स्पष्ट होते. प्रारंभी तो उत्तर हिंदुस्थानापुरता होता. १९११ च्या नव्या कायद्याने तो मुंबई इलाख्यालाही लागू झाला. कैकाडी, पारधी, भामटे, कंजारभाट, मांग गारुडी अशा फिरत्या लोकांची नावे नोंदवहीत चढली. रेल्वे आणि पक्क्या सडका झाल्या तसा बैलांवरचा माल आणि फिरस्तीचे धंदे बसले होते, जंगलचे कायदे आले तसे शिकारीवर निर्बंध आले होते. पोट चालेना म्हणून काहींनी चोऱ्या केल्या असतील. पण वहीत नाव लिहिताना चोरी कोणी केली हे पाहण्याचे कारण नव्हते. जन्म कोठे झाला एवढे पुरत होते.

नोंदीची हत्यारेही त्या अर्धशतकात सुधारत गेली होती. १८५८ साली बंगालमध्ये जंगीपूरला विल्यम हर्शेल नावाच्या अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई या कंत्राटदाराकडून करारावर पंजाचा ठसा उमटवून घेतला. त्यातून पुढे बोटांच्या ठशांचे शास्त्र वाढले आणि १८९७ साली कलकत्त्यास ठशांची कचेरी उभी राहिली. अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन हिंदी अधिकाऱ्यांनी ठशांच्या वर्गवारीचे गणित बसविण्यात मोठा वाटा उचलला. तिकडे अमेरिकेत १८९० च्या खानेसुमारीत होलेरिथने भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांवर माणसांची माहिती भरून ती यंत्राने मोजली. भोकांचे पुठ्ठे सोलापूरकराला परके नाहीत. जॅकार्डच्या मागावर चादरीतले फूल नेमके कोठे उमटायचे हे तसलेच पुठ्ठे सांगतात, आणि जॅकार्डचा तो माग होलेरिथच्याही आधी सुमारे ऐंशी वर्षांचा. आजच्या संगणकाच्या वंशावळीत हा माग पणजोबांच्या जागी बसतो. फूल विणणाऱ्या पुठ्ठ्यापासून माणूस मोजणाऱ्या पुठ्ठ्यापर्यंतचे अंतर किती थोडे आहे, हे पाहून मन चरकते.

१९११ च्या कायद्याने नोंदलेल्या माणसाच्या बोटांचे ठसे घेण्याचा अधिकार सरकारला मिळाला. त्याने ठराविक वेळी हजेरी द्यावी, मुक्काम हलविण्यापूर्वी कळवावे, हेही आले. कायद्याने वसाहती स्थापण्याची आणि मुलांना आईबापांपासून वेगळे ठेवण्याचीही मुभा दिली. मुंबई इलाख्यात या वसाहतींचे काम ओ. एच. बी. स्टार्ट या सनदी अधिकाऱ्याकडे होते. हेच ते स्टार्टसाहेब, ज्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या समितीत पुढे डॉ. आंबेडकर सभासद होते. विजापूर, हुबळी, गदग, बारामती आणि सोलापूर येथे वसाहती उभ्या राहिल्या. सोलापूरच्या वसाहतीची व्यवस्था प्रारंभीच्या काळात अमेरिकन मराठी मिशनकडे होती. जागेची निवड सहज झाली नव्हती. १८७७ पासून गावात कापडाच्या गिरण्या निघाल्या होत्या आणि गिरण्यांना हात हवे होते. वसाहतीतले स्त्रीपुरुष गिरणीत जात, भोंगा झाला की परत येत आणि कुंपणाच्या आत हजेरी देत.

न्यायाने हेही सांगितले पाहिजे की वसाहतीत शाळा होत्या, दवापाणी होते आणि काही माणसे मनापासून राबत होती. वर्तन चांगले ठेवणाऱ्या कुटुंबाला कुंपणाबाहेर घर मिळे. तीच ‘फ्री कॉलनी’. पण वर्तन चांगले की वाईट हे ठरविणारा शेरा दुसऱ्याच कोणाच्या वहीत पडत असे. ज्याच्याविषयी लिहिले, त्याला ते वाचण्याची सोय नव्हती. बहुतेकांना वाचता येतही नव्हते. नोंद मागच्या मागे चाले आणि तिच्यावर माणसाचे पुढचे सारे आयुष्य ठरे.

मुंबई प्रांताने हा कायदा १९४९ साली रद्द केला. सबंध देशातून तो ३१ ऑगस्ट १९५२ रोजी गेला. म्हणून विमुक्त मंडळी तो दिवस आपला स्वातंत्र्यदिन मानतात. इतरांना उजाडले त्यानंतर पाच वर्षे सोळा दिवसांनी त्यांना उजाडले! पंडित नेहरू १९६० साली सोलापुरास आले तेव्हा त्यांनी वसाहतीची काटेरी तार स्वहस्ते कापली, असे विमुक्तांच्या चळवळीत आवर्जून सांगतात. कायदा गेला तरी तार उरली होती, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. आणि तार गेल्यावरही वही उरलीच. १९५९ साली मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांचा कायदा झाला. त्यात जातीचे नाव नव्हते, तपासाची सवय मात्र जुनीच राहिली. कोठे घरफोडी झाली की पोलीस आधी कोणत्या वस्तीत जातात, हे सोलापूर जिल्ह्यातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून पाहावे.

न्यायालयांनीही या वहीशी पुष्कळ झुंज घेतली आहे. उत्तर प्रदेशातील खरक सिंग यांच्यावर पुरावा नसल्याने खटला उभा राहिला नाही, पण पोलिसांनी त्यांचे नाव टेहळणीच्या वहीत घातले आणि रात्री-अपरात्री दार ठोठावण्यास प्रारंभ केला. डिसेंबर १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रात्रीच्या त्या भेटी घटनाबाह्य ठरविल्या. गुपचूप पाळत ठेवण्यास मात्र हरकत घेतली नाही. न्या. सुब्बा राव यांनी वेगळे मत नोंदविले आणि पाळतीची सारी तरतूदच चुकीची म्हटली. त्या वेळी ते अल्पमतात होते. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्णय दिला, तेव्हा पंचावन्न वर्षांनी त्यांच्या मताचे चीज झाले. पुढे ३ ऑक्टोबर २०२४ रोजी त्याच न्यायालयाने तुरुंगांच्या नोंदवह्यांतून जातीचा रकाना काढून टाकण्याचा हुकूम दिला. १८७१ सालच्या वहीचे एक पान फाटण्यास दीडशे वर्षांहून अधिक काळ लागला.

आता कोणी म्हणेल, कोठे ती काटेरी तार आणि कोठे मुलांच्या खेळाचे चित्रण! खरे आहे. दोहोंची बरोबरी केली तर विमुक्तांच्या दुःखाची थट्टा होईल. संगणकावरची पुष्कळशी नोंद निरुपद्रवी असते, आणि बरीचशी आपल्याच सोयीची असते. तरीही एक धडा दोन्हीकडे लागू पडतो. नोंद ठेवण्याचे कारण संपले तरी नोंद आपण होऊन संपत नाही. आणि जिची नोंद होते त्या व्यक्तीला ती पाहता आली नाही, तर नोंद कितीही सद्हेतूने सुरू झालेली असो, ती तिच्यावर स्वार होते. २०२० पासून घरून काम करण्याची रीत पडली आणि कित्येक कचेऱ्यांनी नोकरांच्या संगणकात पडदा टिपणाऱ्या आज्ञावल्या बसविल्या. आमच्या गावची शेकडो मुले पुण्याला अशा कचेऱ्यांत आहेत. हजेरीचा भोंगा त्यांना ऐकू येत नाही इतकेच.

तेव्हा मुलाच्या प्रश्नाचे उत्तर देतो. आपल्या यंत्रात मागे काय चालले आहे हे पाहणे अवघड नाही. विंडोजच्या संगणकावर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबल्या की ‘टास्क मॅनेजर’ नावाची यादी उघडते. मागे राबणारी आज्ञावली किती शक्ती खाते, हे तेथे आकड्यांत दिसते, आणि यंत्र सुरू होताच कोण आपोआप उठून बसते तेही दिसते. नाव अनोळखी वाटले म्हणून लगेच तिचा गळा दाबू नये. पुष्कळ आज्ञावल्या यंत्राच्या जीवनावश्यक असतात. आधी नाव उतरून घ्यावे, ती कोणाची आहे हे शोधावे. खेळाच्या रहाटाचे बटण सेटिंग्जमध्ये ‘गेमिंग’ आणि त्यात ‘कॅप्चर्स’ येथे असते. ते तेथूनच बंद करावे. यादीतून आज्ञावली हुसकली तर ती पुढच्या खेपेला पुन्हा हजर होते. मुळावर घाव घातला की निमूट बसते. मॅकच्या संगणकात ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’ या सदरात पडदा टिपण्याची परवानगी कोणाकोणाला दिली आहे त्यांची नावे सापडतात. ज्याची गरज नाही त्याची परवानगी काढून घ्यावी. जुनी साठविलेली चित्रणेही वेगळी पुसावी लागतात. बटण बंद केल्याने रांजण रिता होत नाही.

संगणक कचेरीचा असेल तर गोष्ट निराळी. तेथे परस्पर हात न घालता लेखी विचारावे: काय टिपता, कशासाठी, किती दिवस ठेवता, आणि कोण पाहते? २०२३ साली संसदेने वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला आहे, आणि माहितीची दुरुस्ती व ती पुसून घेणे या गोष्टी त्यात हक्क म्हणून आल्या आहेत. आणि फोनवरून गोड आवाजात कोणी “अमुक आज्ञावली घाला, म्हणजे तुमचा पडदा मला दिसेल आणि बँकेचे काम चुटकीसरशी होईल” असे सांगू लागला, तर फोन ठेवून द्यावा. अशा फसवणुकीचा इशारा रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच दिला होता. पैसे गेलेच तर तक्रारीचा राष्ट्रीय क्रमांक १९३० आहे. सोलापूरकराला तो निराळा पाठ करावा लागत नाही.

या दिवाळीत कधी सोलापुरास येणे झाले तर सिद्धेश्वराच्या तळ्याकाठी जरूर जावे, चादरी घ्याव्यात, शेंगाची चटणी बांधून न्यावी. आणि सवड असली तर सेटलमेंटच्या बाजूसही एक फेरी मारावी. तेथेही दारादारांत आकाशकंदील असतात, रांगोळ्या असतात, आणि पणजोबांच्या बोटांचे ठसे ज्या वहीत होते ती आता कोठे आहे, याची चिंता न करता मुले फटाके उडवीत असतात. त्यांनी ती कधीच करू नये. ती आपण मोठ्यांनी करावी. कारण नव्या वह्या आपल्याच घरांत, आपल्याच टेबलांवर लिहिल्या जात आहेत, आणि त्यांच्यापैकी पुष्कळ अजून आपल्याला उघडून वाचता येतात.